स्मार्ट दुर्बिणीतून चंद्राचा फोटो बिघडतोय? गोव्याच्या हवेत आधी हे तपासा

नवी स्मार्ट दुर्बीण, म्हणजे फोनच्या अ‍ॅपवर चालणारी आणि चित्र फोनवरच दाखवणारी दुर्बीण, घरी आली की पहिला नेम चंद्रावरच धरला जातो, आणि त्याच रात्री कुणीतरी फोन करतं, "दुर्बीण खराब निघाली वाटतं." फोन पर्वरीहून येवो, मडगावहून येवो की फोंड्याहून, तक्रारी ठरलेल्या असतात. बिघाड दुर्बिणीत क्वचितच सापडतो. तो एसीच्या खोलीत असतो, फोनच्या सेटिंगमध्ये असतो, नाहीतर गच्चीच्या लोखंडी कठड्यात. म्हणून सर्व्हिसला पाठवायच्या आधी खालची तपासणी करा. फुकटात होणारी पहिली, डोकं खाणारी शेवटी.

तुमचं लक्षण कोणतं?

- आकाशात चंद्र लख्ख आहे, अ‍ॅपमध्ये मात्र काळाकुट्ट पडदा.
- चंद्र मिळाला, पण नुसता पांढरा गोळा. विवरं नाहीत, डागही नाहीत.
- चंद्राभोवती दुधाळ वलय, आणि सगळंच पुसट.
- कडा सतत लहरते, एक क्षण स्पष्ट आणि पुढच्याच क्षणी विरघळलेली.
- दुर्बीण भलतीकडे वळते आणि माडाच्या शेंड्यावर जाऊन थांबते.
- चंद्र सापडतो, पण दोन-तीन मिनिटांत चौकटीबाहेर सरकतो.
- तासभर सगळं सुरळीत, मग चंद्र डोक्यावर आला की एकदम घोळ.
- फोन आणि दुर्बीण यांचं कनेक्शन सारखं तुटतं.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि परत बघा. चार सेटिंग एकदम फिरवली तर फोटो सुधारेलही, पण कशामुळे ते कळणार नाही, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तिथेच अडकाल.

काळा पडदा: आधी पुढून बघा

सूर्याचा फिल्टर काढलाय का? हसू नका. दिवसा सूर्यावरचे डाग बघायला लावलेला फिल्टर रात्री तसाच राहतो आणि चंद्र दिसत नाही. हा फिल्टर प्रकाशाचा अगदी नगण्य अंश आत सोडतो, त्यामुळे चंद्राचा उजेड त्यातून पोचतच नाही. काही दुर्बिणींचं नळकांडं बंद असताना खाली मिटलेलं असतं. ते पूर्ण उघडलं का तेही बघा.

उलटी चूक मात्र महाग पडते. अमावस्येच्या आसपासची बारीक कोर सूर्याच्या जवळच असते. ती पकडायच्या नादात सूर्य मावळायच्या आधी फिल्टरशिवाय दुर्बीण पश्चिमेला फिरवू नका. एका झटक्यात सेन्सर, म्हणजे आतली चित्र टिपणारी चिप, जाऊ शकतो.

चंद्र आहे का, आणि कुठे आहे?

भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा. शुक्ल अष्टमीच्या सुमारास चंद्र दुपारी उगवतो आणि मध्यरात्रीच्या आसपास मावळतो. पौर्णिमेचा सूर्यास्ताला उगवतो. वद्य पक्षातला रात्री जेवणानंतर शोधायला गेलात तर अजून सह्याद्रीच्या पलीकडेच असेल, कारण उगवण्याची वेळ रोज सरासरी पन्नास मिनिटांनी पुढे जाते. अ‍ॅप चंद्र क्षितिजाखाली असल्याचं सांगत असेल तर ते खरं सांगतंय.

तिथीचा दुसराही एक मुद्दा आहे. पौर्णिमेचा चंद्र फोटोत सपाट दिसतो. तेव्हा ऊन चंद्रावर आपल्या दिशेने, समोरून पडतं, त्यामुळे सावल्याच उरत नाहीत. विवरं सावलीमुळे दिसतात. पहिला प्रयत्न शुक्ल पंचमी ते दशमी या दिवसांत करा. पंचमी-षष्ठीला थिओफिलस विवर उजेड-अंधाराच्या सीमेजवळ असतं. अष्टमी-नवमीला अ‍ॅपेनाइन्सची डोंगररांग आणि प्लेटो विवर, त्यानंतरच्या एक-दोन रात्रींत ९३ किलोमीटर रुंदीचं कोपर्निकस विवर. कोजागरीला दूध आटवा, फोटो त्याआधीच्या आठवड्यात काढा.

मोड चुकलाय का?

ताऱ्यांचा मोड दहा-दहा सेकंदांचे फोटो एकावर एक रचून अंधुक तेजोमेघ (अवकाशातले वायू-धुळीचे ढग) वर काढतो. चंद्रावर तोच लावला तर सगळं पांढरंफटक होणार. शिवाय त्या मोडमध्ये दुर्बीण आसपासचे तारे ओळखून आपली दिशा पक्की करते, आणि चंद्राच्या झगमगाटात तिला तारे मिळत नाहीत. अ‍ॅपमध्ये चंद्राचा वेगळा मोड असतो, तोच निवडा. तेजोमेघांसाठीचा अंतर्गत फिल्टर चालू राहिला असेल तर बंद करा, नाहीतर चंद्राला विचित्र रंग चढतो.

फोनचं दुखणं

दुर्बिणीच्या वायफायवर इंटरनेट नसतं. हे लक्षात आलं की फोन परस्पर मोबाइल डेटावर उडी मारतो, आणि तुम्हाला वाटतं दुर्बीण तुटली. मोबाइल डेटा बंद करा, व्हीपीएन असेल तर तेही बंद, आणि "इंटरनेट नाही, तरी जोडलेलं ठेवू का?" असं फोनने विचारलं तर हो म्हणा. अ‍ॅपला लोकेशनची परवानगी द्या, घड्याळ आपोआप वेळ घेणारं ठेवा. चंद्र आकाशात कुठे असेल हे दुर्बीण तुमच्या ठिकाणावरून आणि वेळेवरून काढते. बोटीवर असलेल्या भावाने बाहेरून दुर्बीण आणली, त्याच्याच फोनवर पहिल्यांदा चालू केली आणि फोन अजून दुबईच्या वेळेवर, असली प्रकरणं गोव्यात नवी नाहीत.

पांढरा गोळा: एक्स्पोजर हाताने खाली आणा

रात्र आहे म्हणून चंद्र अंधारातली वस्तू आहे, हा सर्वांत मोठा गैरसमज. चंद्राची जमीन भर उन्हात असते. दिवसा रस्त्याचा फोटो काढायला लागतं त्याच पट्टीतलं एक्स्पोजर (सेन्सरवर प्रकाश पडू द्यायचं प्रमाण) तिला लागतं. पण चौकटीचा बराच भाग काळं आकाश असतो. ऑटो एक्स्पोजर त्या काळ्याकडे बघून उजेड वाढवत जातं आणि चंद्र करपतो.

ऑटो बंद करा. आधी गेन (सेन्सर मिळालेला प्रकाश किती वाढवून दाखवतो ते) खाली आणा, मग एक्स्पोजरची वेळ मिलिसेकंदांत कमी करत जा. पडद्यावर चंद्र करडा, जरा उदासच वाटेल. तिथेच थांबा. परीक्षा कडेच्या सर्वांत उजळ भागावर करा, किंवा टायको विवरातून निघणाऱ्या किरणांसारख्या पट्ट्यांवर. तिथे तपशील शिल्लक असेल तर फोटो वाचला. कमी उजेडाचा फोटो नंतर उजळता येतो, पण एकदा पांढरा झालेला भाग परत मिळत नाही. अष्टमीचं सेटिंग पौर्णिमेला चालत नाही. पूर्ण चंद्र अर्ध्याच्या दुप्पट नव्हे, दहापटीच्या आसपास तेजस्वी असतो.

कोरीच्या वेळी अंधाऱ्या भागावर पृथ्वीचा मंद प्रकाश दिसतो, तोही हवा असा हट्ट असतो. एका फोटोत दोन्ही येणार नाहीत. दोन वेगवेगळे काढा.

दुधाळ वलय: इथे थांबा, गोव्यातलं खरं दुखणं हेच

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे हवेचा दवबिंदू पंचवीस अंशांच्या आसपास असतो. म्हणजे पंचवीस अंशांपेक्षा थंड काहीही बाहेर आणलं की त्यावर बाष्प जमणार. एसीच्या खोलीत बावीस-तेवीस अंशांवर दिवसभर पडलेली दुर्बीण रात्री बाल्कांवात आणून लगेच चालू केली की भिंग धुरकटतं. एसी गाडीतून उतरल्यावर चष्मा धुरकटतो, तसंच. फरक इतकाच की चष्मा डोळ्यांवर असतो म्हणून लगेच कळतं. दुर्बिणीचं भिंग पुढे खोलात, अंधारात असतं, आणि अ‍ॅप सांगत नाही.

ओळखायचं कसं? टॉर्च समोरून न धरता बाजूने, तिरपी धरा आणि भिंगाकडे बघा. स्वच्छ भिंग काळपट हिरवं-जांभळं चमकतं. बाष्प असेल तर त्यावर राखाडी साय दिसते, आणि जवळून पाहिलं तर ती बारीक थेंबांची असते.

पुसू नका. रुमालाने नाही, शर्टाच्या टोकाने तर नाहीच. समुद्राजवळ राहणाऱ्यांच्या भिंगावर मिठाचे कण असतात. ओल्यावर ते पसरतात आणि वाळल्यावर घासले तर कोटिंगवर ओरखडे पडतात. करायचं ते असं: दुर्बीण तिच्या बंद पिशवीतच बाहेर आणून ठेवा. बाष्प मग पिशवीच्या बाहेरच्या अंगाला जमतं. चाळीस मिनिटं, तासभर, हाताला पिशवी कोमट लागेपर्यंत थांबा, आणि मगच उघडा. तेवढ्यात जेवण उरकून घ्या. याहून सोपं म्हणजे ती दुर्बीण एसीच्या खोलीत ठेवूच नका.

भिंग आधीच धुरकटलं असेल तर दवरोधक हीटर (भिंग कोमट ठेवणारा) चालू करा आणि वाट बघा. साय हळूहळू विरत जाईल. हेअर ड्रायर नको. प्लॅस्टिक वाकतं आणि भिंग असमान तापतं.

डिसेंबर-जानेवारीत गणित उलटं. सांगे, वाळपई, केपे अशा आतल्या भागात रात्र चढली की उघड्यावरची प्रत्येक वस्तू गार होते आणि दव पडतं. दुर्बीण सुरुवातीला ठीक चालते, मग फोटो हळूहळू पुसट होत जातात. हे फोकस सरकल्यासारखं भासतं म्हणून लोक फोकस फिरवत बसतात. तेव्हा हीटर सुरुवातीपासूनच लावा आणि पुढे जाड काळ्या कागदाची नळी गुंडाळा. हीटर बॅटरी खातो, म्हणून पॉवर बँक जवळ असू द्या.

वलय असूनही भिंग कोरडं आहे? मग आकाशाकडे बघा. नुसत्या डोळ्यांनाही चंद्राभोवती वलय दिसत असेल तर वर पातळ ढग आहेत. घरी जा. आणि समोर माड आहे का तेही बघा. झावळ्या दुर्बिणीच्या अगदी जवळ असल्या की फोटोत झावळी म्हणून दिसतच नाहीत. त्या पूर्ण फोकसबाहेर जाऊन फक्त चित्र मंद आणि पुसट करतात. वारा आला की पुसटपणा कमी-जास्त होतो, तीच त्यांची खूण.

भलतीकडे वळते किंवा चंद्र सरकतो

आकाश तासाला पंधरा अंश फिरतं, चंद्राची रुंदी अर्धा अंश. म्हणजे दुर्बीण पाठलाग करत नसेल तर चंद्र दर दोन मिनिटांना स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो. झटपट चौकटीबाहेर जात असेल तर पाठलाग चालूच नाही, अ‍ॅपमध्ये तो सुरू करा. दहा-पंधरा मिनिटांत हळूहळू कडेला जात असेल तर तिपाई समपातळीत नाही. अ‍ॅपमधला समपातळीचा बुडबुडा मधोमध आणा, आणि दुर्बीण वर बसवल्यावर परत एकदा बघा.

सुरुवातच चुकीच्या दिशेने होत असेल तर होकायंत्र फसलंय. आत बारीक चुंबकीय सेन्सर असतो. स्लॅबमधल्या सळ्या, लोखंडी कठडा, गच्चीवरचा पत्र्याचा मांडव, शेजारी उभी स्कूटर, यातलं काहीही त्याला भुलवतं. जागा बदला, लोखंडापासून तीन-चार मीटर लांब जा, आणि अ‍ॅप सांगेल तसं होकायंत्र नव्याने जुळवून घ्या. अंगणात मातीवर मांडली की कित्येकांचा प्रश्न तिथेच सुटतो.

किनाऱ्यावर न्यायचा मोह होतो. मिरामारला ओल्या वाळूत तिपाईचे पाय खचतात, वाऱ्याबरोबर खारे तुषार येतात आणि वाळू सांध्यांत शिरते. त्यातून चंद्रासाठी मिळत काहीच नाही. त्याला काळोख लागत नाही, की उंचीही. पारोड्याच्या डोंगरावर चंद्रेश्वराच्या दर्शनाला जरूर जा, पण फोटो पणजीत मांडवीवरच्या कॅसिनोंच्या झगमगाटातही तितकाच चांगला येतो.

डोक्यावर आल्यावर घोळ

ही तक्रार आपल्या अक्षांशाची आहे. गोवा साधारण साडेपंधरा अंश उत्तरेला. चंद्र आकाशात उत्तर-दक्षिण झुलत असतो, त्यामुळे महिन्यातल्या काही दिवशी तो जवळपास बरोबर डोक्यावरून जातो. या दुर्बिणी आडव्या आणि उभ्या अशा दोन अक्षांवर फिरतात. वस्तू अगदी माथ्यावर आली की आडव्या अक्षाला क्षणात अर्धी गिरकी घ्यावी लागते, आणि ती तिला झेपत नाही. काही दुर्बिणी माथ्याजवळ जायलाच नकार देतात. तुमचा चंद्र क्षितिजापासून ८० अंशांच्या वर गेला असेल तर अर्धा-पाऊण तास थांबा. तो पश्चिमेला कलला की सगळं आपोआप सुरळीत होतं.

लहरणारी कडा

ही हवा आहे, यंत्र नव्हे. चंद्र क्षितिजाजवळ असेल तर त्याचा प्रकाश हवेच्या जाड थरातून येतो. ३० अंश उंचीवर हा थर माथ्यावरच्या दुप्पट असतो, त्याखाली झपाट्याने वाढतो. दोना पावलाहून समुद्रावर मावळणारा चंद्र सुंदर दिसतो, पण त्यात विवरं शोधू नका. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहापर्यंत उष्णता सोडत असतो. पत्र्याच्या छपरावरून नेम धरला तर तेच जरा जास्त. अंगणातून, चंद्र ४० अंशांच्या वर असताना बघा.

उरलेल्या लहरींवर उपाय म्हणजे एकच फोटो न काढता एक-दीड मिनिटाचा रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेला, व्हिडिओ घ्यायचा. त्यातल्या काही चौकटी हवा स्थिर असताना टिपलेल्या असतात. ऑटोस्टॅकर्टसारखं मोफत सॉफ्टवेअर त्या निवडून एकावर एक रचतं. धार वाढवण्याची पट्टी मात्र अर्ध्यावरच सोडा. पुढे गेलात की विवरांना काळ्या-पांढऱ्या खोट्या कडा येतात.

फोकस

लहरणाऱ्या किंवा करपलेल्या चंद्रावर ऑटोफोकस चुकतो, म्हणून हा मुद्दा यादीत इतका खाली ठेवलाय. एक्स्पोजर आणि बाष्प निस्तरल्यावरच फोकसकडे या. उजेड-अंधाराच्या सीमेवरचं एखादं विवर पडद्यावर मोठं करा आणि हाताने एकेक पायरी पुढे-मागे करा. सर्वोत्तम जागा ओलांडून पुढे जा, मग परत या. त्याशिवाय ती सर्वोत्तम होती हे कळत नाही.

तरी शंका उरली तर दिवसा खात्री करा. सकाळी लवकर, ऊन तापायच्या आधी, निसर्गदृश्याच्या मोडमध्ये किलोमीटर-दोन किलोमीटरवरचा मोबाइल टॉवर बघा. सूर्य पाठीमागे हवा. टॉवरचे नट-बोल्ट आणि केबली रेखीव दिसल्या तर भिंग निर्दोष आहे, आणि रात्रीची गडबड हवेची किंवा सेटिंगची.

हा बिघाड नाही

फोटो दोन बोटांनी ताणला की फुटतो, ही तक्रार मी घेत नाही. सीस्टार एस ५० या स्मार्ट दुर्बिणीचं उदाहरण बघा: भिंग ५० मिलिमीटर, फोकल लांबी २५० मिलिमीटर. तिच्या चित्रात पूर्ण चंद्राची रुंदी आठशे पिक्सेलच्या आतबाहेर, म्हणजे एक पिक्सेल चंद्रावरच्या साधारण साडेचार किलोमीटरचा. कोपर्निकस वीसेक पिक्सेलांत मावतं. चंद्रयान-३ चा विक्रम २३ ऑगस्ट २०२३ रोजी जिथे उतरला ती जागा दाखवा असं मुलं हमखास म्हणतात. दक्षिणेकडचा तो भाग दाखवता येईल, पण दोन-अडीच मीटरचं यान पृथ्वीवरच्या कोणत्याच दुर्बिणीतून दिसत नाही.

इथे हात थांबवा

पुढचं काही आढळलं तर घरगुती उपाय बंद करा.

वळताना मोटर करकर आवाज करते किंवा एकाच जागी अडखळते. वाळू किंवा मीठ गिअरमध्ये गेलेलं असू शकतं. तेल सोडू नका, हाताने जोर लावून फिरवू नका. आवाजाचा व्हिडिओ काढा आणि दुर्बीण बंद करा.

तिरप्या टॉर्चमध्ये भिंगाच्या आतल्या बाजूला कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात. ही बुरशी. पावसाळ्यात लाकडी कपाटात ठेवलेल्या दुर्बिणींना ती लागते आणि कोटिंग खाते. बाहेरून पुसून जात नाही. आतून येणारं-जाणारं बाष्पही याच वर्गातलं. जूनपासून दुर्बीण घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक घालून ठेवा. आकडा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या.

बॅटरीचा भाग फुगलाय, चार्ज होताना नको तेवढा तापतो, किंवा चार्जिंगच्या तोंडाशी हिरवट गंज चढलाय. चार्जर लगेच काढा आणि परत लावू नका. लिथियम बॅटरीशी धाडस नको.

फोटोत एकाच जागी एकसारखा डाग किंवा पुसटपणा, वेगवेगळ्या रात्री आणि दिवसा टॉवरवरही तसाच. सेन्सरवर काहीतरी आहे, किंवा पडल्यामुळे भिंग सरकलंय. सूर्याकडे फिल्टरशिवाय वळली असेल तर तेही न लपवता सांगा.

यातलं काहीही झालं तर ज्याच्याकडून घेतली त्या विक्रेत्याकडेच जा. मोबाइल दुरुस्तीवाला ती उघडून देईल, पण भिंगांची रेषा परत जुळवून देणार नाही, आणि उघडल्यावर वॉरंटी गेली. बाहेरून आणलेल्या दुर्बिणीची वॉरंटी भारतात चालते का, हे आधी बिलावरून विचारून घ्या. नक्की बिघाड आहे का याची दुसऱ्या नजरेने खात्री करायची असेल तर गोव्यात असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ अ‍ॅस्ट्रॉनॉमी ही हौशी निरीक्षकांची जुनी संस्था आहे, तिथल्या जाणत्यांना दाखवा. विक्रेत्याला कळवताना अनुक्रमांक, फर्मवेअरची (दुर्बिणीतल्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती, चंद्राचा एक मूळ फोटो आणि टॉवरचा एक फोटो सोबत द्या. मूळ खोका आणि आतले फोमचे साचे फेकले नसतील तर त्यातच पाठवा. कुरिअरच्या धक्क्यात दुसरा बिघाड नको.